सांगली की श्टुटगार्ट? दोन देशांच्या जोडप्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर सांगलीच्या गावभागातलं. नवरा जर्मन, श्टुटगार्टजवळच्या एका गावचा. तो चाकणला कारखान्यात कामाला होता तेव्हा पुण्यात ओळख झाली. जानेवारी २०१६ मध्ये सांगलीत लग्न केलं, तीन वर्षं तिकडे राहिलो आणि जून २०१९ पासून इथे आहोत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्या भागात जर्मन शिकणारी मुलं-मुली वाढली आहेत. तिकडे जाऊन जोडीदार मिळालेले, किंवा मिळतील अशी धास्ती घरच्यांना असलेले लोक मला गाठून तेच तेच प्रश्न विचारतात. त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून ठेवते आहे. माझा अनुभव भारत आणि जर्मनीचा आहे. दुसरा देश वेगळा असेल तर तिकडचे नियम वेगळे, पण भारताच्या बाजूचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू पडेल.

कुठे राहायचं हे ठरवायला सुरुवात कुठून करायची?

बहुतेक जण पगारापासून करतात. आम्हीही तशीच केली होती. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून एकीकडे युरो आणि एकीकडे रुपये मांडले, जर्मनी जिंकली, आणि आम्ही गेलो. त्या पानावर एक गोष्ट लिहायची राहिली होती: मी तिकडे गेल्यावर कोणकोणत्या कामांसाठी नवऱ्यावर अवलंबून राहणार?

मी इथे शाळेत विज्ञान शिकवत होते. जर्मनीत शिक्षकाला सहसा दोन विषय लागतात, भाषा फार वरच्या पातळीची लागते आणि आपली पदवी तिकडे मान्य करून घेण्याचं काम लांबत जातं. म्हणजे मी शिक्षिका राहिले नव्हते. पहिल्या हिवाळ्यात पोट दुखायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर माझ्याकडे बघून विचारत आणि उत्तर नवरा देई. पोटात कळ येते आणि मुरडा पडतो यातला फरक मला सांगायचा होता; त्याने दोन्हींना एकच शब्द वापरला. तो बिचारा मन लावून सांगत होता, त्याची काही चूक नव्हती. पण माझं दुखणं मला सांगता येईना, आणि घरी येऊन मी खूप रडले.

म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, पगाराच्या आधी ही यादी करा. डॉक्टर, बँक, प्रवास, मुलाची शाळा, घराची दुरुस्ती, सरकारी कागद. यांतलं कोण काय एकट्याने करू शकेल? ज्याला परक्या देशात जायचं आहे त्याच्या हातात स्वतःचे पैसे, स्वतःची भाषा आणि स्वतःच्या मर्जीने परत येण्याची सोय, या तिन्ही गोष्टी किती दिवसांत येतील? ज्या देशात हे लवकर जमेल तो देश आधी निवडा. आणि जाणाऱ्या माणसाचा शब्द या निर्णयात जड असू द्या, कारण किंमत तो मोजणार आहे.

लग्न कोणत्या कायद्याखाली करावं? देवळात लावलेलं चालतं का?

हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. त्यामुळे देवळात अक्षता टाका, जेवणावळ घाला, हौस करा. पण कागदासाठी विशेष विवाह कायदा १९५४ हाच रस्ता. दोघांपैकी एकाचं नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य हवं. नोटीस दिल्यावर ३० दिवस ती लावलेली असते. मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. परदेशी जोडीदाराला तो अविवाहित असल्याचा दाखला त्याच्या देशातून आणावा लागतो, त्याला वेळ लागतो. त्यामुळे कार्यालयाचं बुकिंग त्या कागदानंतर करा, आधी नको.

एक गोष्ट अगदी जवळून सांगते. माझ्या जन्माच्या नोंदीत नावच नव्हतं. आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, आणि बाळाच्या रकान्यात नुसतं ‘स्त्री’. आपल्याकडे त्या पिढीत हे सर्रास असायचं. शाळेच्या दाखल्यावर इथे सगळं निभावतं, जर्मन अधिकाऱ्यासमोर निभावत नाही. नाव चढवून घ्यायला मला एका कार्यालयात पाच खेपा पडल्या. तुमचा जन्मदाखला आजच काढून बघा. नाव आहे का, आणि पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने आहे का.

कागदांवर अपोस्टिल करून घेतलं की झालं ना?

बऱ्याच देशांसाठी हो. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. तो मानणाऱ्या देशांच्या करारात भारत २००५ पासून आहे. पण जर्मनीने भारताच्या सहभागाला हरकत घेतलेली आहे, त्यामुळे भारतीय कागदांवरचं अपोस्टिल तिथे चालत नाही. जर्मन अधिकारी आपले कागद स्वतः पडताळून घेतात आणि त्यात महिने जातात. एजंटाला पैसे देण्याआधी हे माहीत असू द्या.

मी तिकडे जायचं ठरवलं तर भाषा किती लागते?

जर्मन नागरिकाचा जोडीदार म्हणून व्हिसा मिळवायला साधारणपणे ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी लागते. मी शनिवारी पहाटेच्या एसटीने स्वारगेटला जायचे आणि पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा दिली. ए-वनवर दुकानातली भाजी घेता येते, भांडता येत नाही. आणि परक्या देशात भांडता येणं फार गरजेचं आहे: घरमालकाशी, विमा कंपनीशी, प्रसंगी सासूशी. निदान बी-वन ही मधली पातळी होईपर्यंत अभ्यास सोडू नका, पोटात बाळ असलं तरी सोडू नका.

जोडीदार म्हणून मिळालेल्या वास्तव्याच्या परवान्यावर पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. आपला वाहन परवाना मात्र तिथे सहाच महिने चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. खेड्यात राहणार असाल तर गाडीशिवाय तुम्ही घरातच बसाल, हे गृहीत धरा.

जमलं नाही, संसार मोडला, तर मला तिथून हाकलतील का?

हा प्रश्न मुली कुजबुजत विचारतात, आणि अगदी योग्य प्रश्न आहे. जर्मनीत जोडीदार म्हणून मिळालेला परवाना लग्नावर टेकलेला असतो. दोघांनी तिथे तीन वर्षं एकत्र संसार केला की पुढे वेगळं झालं तरी स्वतःच्या हक्काने राहण्याचा परवाना मागता येतो. त्याआधी फक्त फार कठीण परिस्थितीत, घरातली मारहाण त्यात धरतात. म्हणजे पहिली तीन वर्षं सर्वांत नाजूक. त्या काळात तुमच्या नावावर, तुमच्या एकटीच्या खात्यात, परतीच्या तिकिटाचे आणि तीन महिने राहण्याचे पैसे असलेच पाहिजेत. चांगला नवरा हे ऐकून रागावत नाही. माझ्या नवऱ्याने ते खातं स्वतः सोबत येऊन उघडून दिलं.

भारताच्या बाजूलाही तेच आहे. लग्नामुळे मिळालेलं ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात आजन्म येण्या-राहण्याची मुभा) घटस्फोटानंतर रद्द होऊ शकतं. इथे आलेल्या परदेशी सुनेचा किंवा जावयाचा पायही तितकाच अधांतरी असतो, हे आपल्या घरच्यांच्या लक्षात येत नाही.

परत यायचं ठरवलं तर तिकडचं दार बंद होतं का?

घाई केली तर होतं. साधा परवाना घेऊन सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलात की तो संपतो. पण जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, त्याला ‘निडरलासुंग्स-एरलाउबनिस’ म्हणतात. त्यासाठी बी-वन भाषा लागते. आणि तुम्ही जर्मन जोडीदारासोबत संसार करत असाल तर तो परवाना परदेशात कितीही दिवस राहिलात तरी संपत नाही. निघताना तिथल्या कार्यालयातून तसं लेखी पत्र मागून घ्या. आम्ही एप्रिल २०१९ मध्ये तीन वर्षं भरल्यावर तो काढला, पत्र घेतलं आणि जूनमध्ये निघालो. दोन महिने आधी निघालो असतो तर माझी तीन वर्षं पाण्यात गेली असती.

आरोग्य विम्याचंही असंच एक दार आहे. जर्मनीच्या सार्वजनिक विम्यात वयाच्या ५५ वर्षांनंतर परत शिरणं फार अवघड होतं. म्हातारपणी परत जाऊ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

परदेशी जोडीदाराला भारतात राहायला काय लागतं?

सुरुवातीला भारतीय नागरिकाचा जोडीदार म्हणून एंट्री व्हिसा. तो १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची, ती आता ऑनलाइन होते. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. नोंदवलेल्या लग्नाला सलग दोन वर्षं झाली की ओसीआयसाठी अर्ज करता येतो. जोडीदार, त्याचे आईवडील किंवा आजीआजोबा कधीही पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही.

ओसीआय मिळालं की आजन्म येणं-जाणं, नोंदणीची कटकट नाही, खासगी नोकरी-धंदा करता येतो. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी. दर नव्या पासपोर्टनंतर लग्न टिकून असल्याचं प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरायचं असतं, ते लोक विसरतात.

भारतीय नागरिकत्वच हवं असेल तर भारतीयाशी लग्न आणि सात वर्षं इथे वास्तव्य, मग अर्ज. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मनीने जून २०२४ पासून स्वतःच्या बाजूने ते मोकळं केलं आहे, म्हणून काही जणांचा गैरसमज होतो. तुम्ही जर्मन झालात की भारतीय राहत नाही, जर्मनीने कितीही मोठं मन दाखवलं तरी.

सांगलीसारख्या गावात परदेशी माणूस रमतो का?

रमवावा लागतो. मला जे तिकडे झालं तेच त्याला इथे झालं, हे मान्य करायला मला वर्ष लागलं. लाइटबिल त्याला वाचता येईना. दुकानदार त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बघून देत. पाहुणे त्याच्यासमोर मला विचारत, “जावईबापू चहा घेतील का?” म्हणजे डॉक्टरांच्या खोलीतली मी, आता तो झाला होता.

दोन महिन्यांत पूर आला. ऑगस्ट २०१९. सांगलीत पूर फुटांत बोलतात: कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. त्या वर्षी पाण्याने ५७ फूट ओलांडले. घरात पाणी शिरणार हे दिसल्यावर आईने दळणाचा मोठा स्टीलचा डबा रिकामा केला, गहू पिशवीत ओतले, आणि त्यात आमचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, त्याचं ओसीआय, माझं परवान्याचं पत्र असं सगळं घालून झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली. तो डबा मांडीवर घेऊन नवरा विश्रामबागेत आत्याकडे पोचला. कागदांना गव्हाचा वास लागला, तो अजून आहे.

त्या दिवसांत आत्याच्या गॅलरीत सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते, किती फूट? तो आकडे पाठ करू लागला. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. परदेशी माणसाला मराठी आकडे जड जातात म्हणतात, पण जर्मनमध्येही आधी एकक आणि मग दशक बोलतात, ‘एक आणि चाळीस’. त्याला ते आपोआप बसले. पाणी ओसरल्यावर गल्लीतला गाळ काढायला तो सगळ्यांसोबत फावडं घेऊन उतरला, आणि त्यानंतर दुकानदार त्याच्याकडे बघून बोलायला लागले.

पुढचं आम्ही ठरवून केलं. आठवड्यातून तीन दिवस मराठीच्या बाई घरी येतात. त्याचं स्वतःचं बँक खातं आहे, स्वतःची दुचाकी आणि परवाना आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांना तो यंत्रांच्या कामात सल्ला देतो. त्या ठिकाणी मी कधीच जात नाही. ती त्याची जागा आहे.

मुलांचं नागरिकत्व कोणतं? दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील का?

नाही. हे नीट समजून घ्या, कारण इथे चूक महागात पडते. भारतात जन्मलेलं मूल, एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसेल तर, जन्माने भारतीय. त्याच वेळी जर्मन आई किंवा वडिलांचं मूल जर्मन कायद्याने जन्मतः जर्मन. आता आजीला भेटायला जायचं तर? जर्मन नागरिकाला जर्मनी व्हिसा देत नाही, त्याला जर्मन पासपोर्टच काढायला सांगतात. आणि परदेशी पासपोर्ट काढला की भारतीय पासपोर्ट ठेवता येत नाही. आमची मुलगी २०२० मध्ये मिरजेत जन्मली. तिचा जर्मन पासपोर्ट काढला आणि इथे राहण्यासाठी ओसीआय.

मूल परदेशात जन्मलं आणि भारतीय ठेवायचं असेल तर वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करायची आणि त्याच्याकडे दुसरा पासपोर्ट नसल्याचं लिहून द्यायचं.

ओसीआय मुलांच्या आईवडिलांनी आणखी एक बघून ठेवावं. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर नीट, जेईई वगैरे प्रवेशांत ही मुलं सहसा अनिवासी भारतीयांच्या किंवा अधिसंख्य (नेहमीच्या जागांवर वाढवून दिलेल्या) जागांसाठीच पात्र धरली जातात. मिरजेत डॉक्टरकी शिकवू असं आजोबांनी ठरवलेलं असेल तर फीचा आकडा आधी काढा.

संसार मोडला तर मूल कुणाकडे, कोणत्या देशात?

मुलाला एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेलं तर ते परत पाठवण्याबाबत १९८० चा हेग करार आहे. जर्मनी त्यात आहे, भारत नाही. त्यामुळे भारतात आणलेल्या मुलाचा वाद इथल्या न्यायालयात मुलाचं हित बघून, वेळ घेत चालतो. हे मी कुणाला पळवाट म्हणून सांगत नाही. उलट, तुमच्या जोडीदाराला सुट्टीत मूल सांगलीला पाठवताना पोटात गोळा का येतो, ते यावरून समजेल. आम्ही प्रत्येक प्रवासाला दोघांच्या सहीचं पत्र करतो, परतीच्या तारखेसकट. चांगले दिवस आहेत तेव्हाच ते करायचं.

शेताचं काय? सातबाऱ्यावरून नाव जाईल का?

घराघरात खरी भीती हीच असते, बोलून दाखवत नाहीत एवढंच.

परदेशी जोडीदाराला, ओसीआय असलं तरी, शेतजमीन विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या भारतीयालाही सहसा घेता येत नाही. अनिवासी भारतीयाला विकत घेता येत नाही, पण वारसाने मिळालेली ठेवता येते.

मुलीने परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून वडिलांची वारस म्हणून तिचा हक्क जात नाही. मात्र विशेष विवाह कायद्याचं कलम १९ वाचा: हिंदू व्यक्तीने बिगरहिंदू जोडीदाराशी या कायद्याखाली लग्न केलं की ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं कायदा धरतो. म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला तिचा हिस्सा त्या दिवशी वेगळा धरला जातो. तिच्या स्वतःच्या मिळकतीला पुढे भारतीय वारसा कायदा १९२५ लागतो. भाऊ आणि बहीण दोघांच्याही हिताचं म्हणजे लग्नाआधीच वकिलासमोर बसून हे कागदावर घेणं. माझ्या वडिलांनी ते केलं, म्हणून आज भावाच्या घरी मला दिवाळीला ताठ मानेने जाता येतं.

आणि मृत्युपत्र दोघांनी करा. ऑगस्ट २०१५ पासून युरोपीय संघातल्या बहुतेक देशांत वारशाला माणूस शेवटी जिथे राहत होता तिथला कायदा लागतो, त्याने मृत्युपत्रात स्वतःच्या देशाचा कायदा निवडला नसेल तर. सांगलीत राहणाऱ्या जर्मन माणसाने न लिहिता डोळे मिटले तर श्टुटगार्टच्या घराचा वाद कुठल्या कायद्याने सोडवायचा इथपासून सुरुवात होईल.

पैसे, कर, पेन्शन?

थोडक्यात. देश सोडताना भारतातलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं) करा, परतल्यावर पुन्हा निवासी करा. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात की कराच्या दृष्टीने इथले रहिवासी होता. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे जर्मन पेन्शनला लागणारी पाच वर्षं भरताना भारतातली भविष्य निर्वाह निधीखालची वर्षं मोजता येऊ शकतात. पगाराच्या पावत्या फेकू नका.

म्हाताऱ्या आईवडिलांना कोण बघणार?

याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून जसं आहे तसं सांगते. जर्मन नागरिकाशी लग्न झालं म्हणून आपले आईवडील तिकडे कायमचे नेता येत नाहीत. पर्यटक म्हणून १८० दिवसांत ९० दिवस. ते सोडून, असह्य हलाखी सिद्ध केली तरच. म्हणजे तुम्ही तिकडे राहायचं ठरवलंत तर आईवडिलांचं म्हातारपण फोनवर बघायचं ठरवता. माझ्या परत येण्याचं मोठं कारण हे होतं. मिरजेला १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं, त्याच्याभोवती दवाखान्यांचं गावच उभं राहिलं. वडिलांना डायलिसिसला न्यायला मला वीस मिनिटं लागतात.

पण तेवढंच खरं दुसऱ्या बाजूला आहे. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या, एकट्या राहतात. नवरा रोज संध्याकाळी त्यांना फोन लावतो. उन्हाळ्यात घड्याळ साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. दर ऑक्टोबरमध्ये तो दोन महिने तिकडे जातो, लाकडं फोडून रचून ठेवतो, त्यांच्या डॉक्टरांना भेटतो. तो तिकिटाचा खर्च आम्ही घरखर्चात धरतो, चैनीत नाही. ज्याचे आईवडील लांब आहेत त्याच्या तिकिटाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे.

दोन्हीकडे अर्धं अर्धं राहिलं तर?

मुलाची शाळा सुरू होईपर्यंत जमतं. विटा-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्या, घरांत विचारा. पिढ्यान्पिढ्या दुकान कुठल्या तरी लांबच्या राज्यात आणि म्हातारी माणसं, जत्रा, शेत गावाकडे. ती माणसं सांगतील की दोन घरं चालतात, पण मुलाची शाळा एकाच ठिकाणी असावी लागते आणि शाळेचं गाव हेच शेवटी घर होतं.

मग तुम्ही सांगलीत कायमचे का?

‘कायमचे’ हा शब्द आम्ही घरात वापरत नाही. दर तीन वर्षांनी संक्रांतीच्या आसपास दोघं वही काढून बसतो आणि सुरुवातीला सांगितलेली यादी पुन्हा करतो. २०२२ ला केली, २०२५ ला केली. त्या वेळी सासूबाईंना फोनवर सोबत घेतलं, त्यांनी स्वतः सांगितलं की अजून दोन हिवाळे मी एकटी काढते. पुढची यादी जानेवारी २०२८ ला. मुलगी तेव्हा दुसरीत असेल, तिचाही रकाना काढायचा आहे.